तळ्याचा हातगुण

“आई, आज सगळेच टोमॅटो उतरवून घेऊ या का? हिरवे असले तरी चालतील,” माझ्या सुनेने, दारिमाने, विचारलं. मी चार दिवस मुलाकडे, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात, राहायला आले होते. वारा पडला होता, आभाळ निरभ्र होतं.

मी हसले. ऑगस्ट संपायला अजून दहा दिवस होते. “तुम्हा खोऱ्यातल्यांना भारीच घाई. आमच्याकडे सप्टेंबर संपेपर्यंत झाडावर पिकतात. राहू दे, मी सांगते ना.”

तिने हातातली टोपली खाली ठेवली. तिच्या माणसांत थोरांचा शब्द मोडत नाहीत. तिने तीसेक बरण्या धुऊन, उकळून खिडकीत पालथ्या घातल्या होत्या. त्या भरल्या तरच त्यांचा हिवाळा नीट निघायचा.

सकाळी सगळी झाडं काळी पडलेली. टोमॅटो हातात घेतला तर पचकन फुटला. माझा मुलगा युरा बाहेर आला आणि बायकोवर उखडला, की जन्म याच खोऱ्यात गेला तुझा, हिव पडणार एवढंही कळू नये?

“माझीच चूक झाली,” दारिमा म्हणाली.

मी चहात दूध घालत होते, ते घालतच राहिले.

आणि मी कोण? आमच्या काठावरच्या गावात हवामानाच्या नोंदी घेण्यात माझी तीस वर्षं गेली. रोज बादलीने बैकल तळ्याचं पाणी काढायचं, त्यात तापमापक बुडवायचा, आकडा लिहायचा. हे तळं उन्हाळाभर ऊब साठवतं आणि पुढे डिसेंबर उलटेपर्यंत थोडी थोडी काठाला देत राहतं. म्हणून आमच्याकडे हिव महिनाभर उशिरा येतं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात ती ऊब पोचत नाही. बसने दोन तासांचं अंतर, पण हवा निराळी. माझ्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार? पण शेजारणी म्हणायच्या, कापामावशी, तुमच्या हाताला गुण आहे. ऐकून ऐकून मला ते खरंच वाटायला लागलं होतं. सांगायलाही लाज वाटते.

सप्टेंबरच्या मध्यावर काठावरच्या माझ्या परसात झाडं टोमॅटोंनी लालभडक झाली. त्यांच्याकडे बघवेना. दोन बादल्या भरून खोऱ्याच्या बसमध्ये बसले.

जेवताना युराने एक टोमॅटो उचलला आणि बायकोला म्हणाला, “बघ. आईकडून शीक जरा.”

“तिला काय शिकवतोस? ती उतरवायला निघाली होती. मी अडवलं,” मी म्हणाले. “आणि हे माझं कसब नाही रे. तळ्याचं आहे.”

युरा खाली मान घालून ब्रेड मोडत राहिला. मला वाटलं, दारिमा काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने एक टोमॅटो चिरला आणि रीतीप्रमाणे पहिली फोड माझ्या ताटात वाढली.

खिडकीत बरण्या अजून पालथ्याच होत्या. मी मोजून दोन बादल्या आणल्या होत्या. त्यांत तीसेकांतल्या फार तर सहा बरण्या भरल्या असत्या.