चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

मास्तर गेली एकवीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून इतकी वर्षं काढली की माणूस एक तर संत होतो, नाहीतर भित्रा. मास्तर दोन्ही थोडेथोडे झाले होते. घरात कुणी जिना उतरू लागलं तरी ते आतून ओरडायचे, "सावकाश, पुढे वळण आहे!"

त्यांची एकुलती एक लेक म्हणजे भिंगरी. पाळण्यातसुद्धा एका जागी पडून राहिली नाही, म्हणून हे नाव. आता ती अठरा वर्षांची झाली होती आणि आठ तासांच्या प्रवासावरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकायला निघाली होती. प्रवेश मिळाला, पेढेबिढे वाटून झाले, आणि मग कॉलेजचं पत्र आलं: वसतिगृहात खोली हवी असेल तर आरोग्य विम्याचा कागद महिनाअखेरीच्या आत दाखवा.

घरातल्या सगळ्यांचा मिळून एक विमा होता. पण त्याच्या यादीतले झाडून सगळे दवाखाने याच शहरातले.

"म्हणजे तिकडे ताप आला तर पोरीने आठ तास प्रवास करून इथे यायचं," मास्तर म्हणाले.

"येईपर्यंत उतरेल की ताप," आई म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि नवऱ्याच्या काळज्यांना तिने कधीच फार भाव दिला नव्हता.

विद्यार्थ्यांसाठी वेगळा विमा काढायचं ठरलं. मास्तरांनी तीन कंपन्यांची पत्रकं आणली, आणि त्यातली बारीक अक्षरं वाचायला बायकोला दुकानातून भिंग आणायला लावलं. चार दिवस खल करून त्यांनी एक कंपनी पक्की केली. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरला. मास्तर प्रश्न वाचणार, भिंगरी सांगणार, मास्तर लिहिणार.

"दमा?"

"नाही."

"शस्त्रक्रिया?"

"नाही."

"हाड मोडलं होतं?"

"डावं मनगट. सातवीत. कपाटावरून पलंगावर उडी मारली होती."

"ते मी कसं विसरेन!" मास्तरांनी कपाटाच्या उंचीसकट सगळं लिहून काढलं. "हं, चौदावा. अर्जदार पुढीलपैकी धोकादायक छंद जोपासतो का? खोल पाण्यात बुडी, आकाशातून उडी, कड्यावर किंवा भिंतीवर चढाई..." ते हसले. "काय एकेक लोक असतात! नाही." आणि त्यांनी पेन टेकवलं.

"थांबा, बाबा," भिंगरी म्हणाली.

आई एकदम उठली आणि धुतलेल्याच ताटल्या पुन्हा धुवायला लागली.

"मी चढते," भिंगरी म्हणाली. "क्रीडा केंद्रातल्या भिंतीवर. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? संध्याकाळी तू लायब्ररीत जातेस ना?"

"लायब्ररी त्याच रस्त्यावर आहे."

मास्तरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"होतं," आई नळाकडे बघत म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रोज खाली गादी घेऊन उभे राहिला असता."

मास्तर उठून गॅलरीत गेले. पोरीच्या जिवाची धास्ती होतीच, पण त्याहून जास्त काहीतरी लागलं होतं. घरातली तीन माणसं, त्यातल्या दोघींना माहीत असलेली गोष्ट आपल्यालाच कळू नये? बराच वेळ ते रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले. मग आत आले आणि पडल्या आवाजात म्हणाले, "नाही असंच लिहू या. कोण येतंय बघायला! उगाच विमा अडकायचा."

"खोटं नाही लिहायचं."

"दोन वर्षं खोटं बोललीस ते चाललं?"

"म्हणूनच कंटाळा आलाय," भिंगरी म्हणाली. "मला कितीदा वाटायचं तुम्हाला दाखवावं. मी चांगली चढते, बाबा."

सोमवारी मास्तरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या.

"बरं केलंत विचारलंत," त्या म्हणाल्या. "लपवलंत आणि उद्या पाय मोडला, तर कंपनी हात वर करेल. खरं लिहा. हप्ता थोडा वाढेल, एवढंच. आणि शिकवणाऱ्यांचं पत्र जोडा, की ती दोर बांधून चढते आणि देखरेखीखाली चढते. दोर बांधते ना?"

"मला काय माहीत?" मास्तर म्हणाले. "मला कालच कळलंय."

बाई खळखळून हसल्या. "मग पत्र आणायला तुम्हीच जा."

त्या संध्याकाळी मास्तर लेकीबरोबर क्रीडा केंद्रात गेले. जुन्या गोदामासारखी उंच जागा, खाली जाड गाद्या, हवेत हातांना लावायच्या खडूची पूड. समोर तीन मजली भिंत, तिला रंगीबेरंगी खुंट्या ठोकलेल्या. मास्तरांनी मान वर केली आणि लगेच खाली घेतली.

"अय्या, मास्तर तुम्ही!" ठेंगणीशी प्रशिक्षिका धावत आली. "ओळखलंत का? गाडी मागे घेताना चार वेळा खांबाला धडकलेली!"

एकवीस वर्षांत एवढी धांदरट विद्यार्थिनी मास्तरांना दुसरी मिळाली नव्हती, आणि हिच्या हाती त्यांची पोर!

पण मग त्यांनी तिला काम करताना पाहिलं. तिने भिंगरीच्या कमरेचा पट्टा ओढून पाहिला. गाठ पाहिली. भिंगरीलाही स्वतःची गाठ मोठ्याने तपासायला लावली. मग दोराचं दुसरं टोक स्वतःच्या पट्ट्याला अडकवून पुन्हा सगळं पहिल्यापासून पाहिलं. मास्तरांना जरा धीर आला.

भिंगरी चढू लागली. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. आधी नजर, मग हात, मग पाय. वरच्या खुंटीकडे झेप घेताना मात्र तिचा हात निसटला.

"अगं!" मास्तरांच्या आवाजाने अख्खी इमारत दणाणली.

दोर ताणला गेला, आणि भिंगरी हवेत झोके घेत खदखदून हसत होती. "बाबा, बघितलंत? पडले!"

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" मास्तर ओरडले, पण त्यांनाही हसू फुटलं होतं. भिंगरीने पुन्हा भिंत धरली, तीच झेप पुन्हा घेतली, खुंटी पकडली आणि अगदी वरच्या टोकावर थाप मारली. खाली मास्तर इतक्या जोरात टाळ्या पिटत होते की इतर चढणारेही थांबून बघू लागले.

प्रशिक्षिकेने पत्र लिहायला घेतलं. मास्तर रेंगाळले. "नवख्या माणसाला... म्हणजे वयस्कर नवख्याला... चालतं का हे?"

दहा मिनिटांनी पट्टा आवळून, चष्मा खिशात ठेवून मास्तर भिंतीला चिकटले होते. जमिनीपासून फारतर चार फूट. पुढेही जाववेना, मागेही येववेना.

"डावा पाय, बाबा. निळी खुंटी," खालून भिंगरी शांतपणे सांगत होती. "घाबरू नका, दोर ताईंच्या हातात आहे."

"ती चार वेळा खांबाला धडकलीय!"

सगळं गोदाम हसलं, प्रशिक्षिका सगळ्यांत जास्त. मास्तर आणखी दोन खुंट्या चढले आणि खाली आले तेव्हा घामाने निथळत होते, आणि चेहरा असा की जणू शिखर सर करून आलेत. घरी गेल्यावर बायकोला त्यांनी सहा फुटांचे बारा सांगितले. भिंगरीने चूक दुरुस्त केली नाही.

नवव्या दिवशी विम्याचं पत्र आलं: अर्ज मंजूर, भिंतीवरची चढाई धरून. आईने ते भिंगाशिवाय, मोठ्याने, दोनदा वाचलं.

महिनाअखेरीला तिघं वसतिगृहाच्या कार्यालयात उभी होती. कारकुनाने कागद घेतला, दोन सेकंद पाहिला, शिक्का मारला आणि किल्ली पुढे सरकवली.

"एवढंच?" मास्तर म्हणाले. "पानं उलटून तरी बघा."

"नको, विश्वास आहे," कारकून म्हणाला. "तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे."

भिंगरी किल्ली घेऊन पळत सुटली. मास्तरांनी ट्रंकेचं एक टोक धरलं, बायकोने दुसरं. दुसऱ्या मजल्यावर दोघं दम खायला थांबली तेव्हा वरच्या कठड्यावरून ओणवून भिंगरी हाका मारत होती, की खोलीला मोठी खिडकी आहे आणि खिडकीतून डोंगर दिसतो.