नववी ‘ब’मधली साक्ष

इंद्रायणी डुंबरेबाई ओतूरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. न्यायव्यवस्थेचा धडा आला की अर्धा वर्ग पेंगायचा. २००२च्या फेब्रुवारीत मात्र त्यांना एक युक्ती सुचली. तेव्हा घरोघरी एक हिंदी मालिका चालू होती. तिच्यातल्या सासूनं सुनेला जिन्यावरून ढकललं. मोलकरणीनं ते पाहिलं, पण कोर्टात ती खोटं बोलली. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग त्यावरून तावातावानं भांडत होता. बाईंनी बाकं सरकवायला लावली आणि म्हणाल्या, “चला, तो खटला आपणच चालवू.”

किराणा दुकानदार हस्तीमलशेठचा कल्पेश वकील झाला. मोलकरणीचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते कौसरकडे आलं. मुळात ती वर्गात फारसं बोलायचीच नाही.

“तुला एकच वाक्य आहे,” बाईंनी तिला समजावलं. “‘मी काही पाहिलं नाही.’”

कल्पेशनं ऐटीत विचारलं, “घटना घडली तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“पत्र्यावर. शेंगा वाळत घालत व्हते.”

पोरं हसली. मालिकेतल्या बंगल्याला पत्रा कुठला आणि शेंगा कुठल्या!

“मग काय पाहिलंत?”

कौसरनं टेबलाची कड घट्ट धरली होती. “धूर पाह्यला. ती आतून लई वरडत व्हती. दाराची कडी भायेरून लावलेली व्हती.”

हसणं जागच्या जागी थांबलं. जानकूची सून अलका दिवाळीच्या तोंडावर स्टोव्हचा भडका उडून गेली, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. आणि जानकूचं घर कौसरच्या घराला लागूनच होतं. कल्पेशनं पुढचा प्रश्न विचारला नाही. बाईंनी घसा खाकरला, “कोर्ट तहकूब,” म्हणाल्या आणि कौसरला बाहेर नेऊन पाणी पाजलं. आपण खेळ म्हणून काय उकरून काढलं, या विचारानं बाईंना दिवसभर काही सुचेना.

शाळा सुटल्यावर त्या कौसरच्या वडिलांकडे गेल्या. कमरुद्दीन एसटी स्टँडमागं भांड्यांना कल्हई करायचा. बाईंनी सांगितलेलं त्यानं ऐकून घेतलं आणि हातातली परात खाली ठेवली.

“बाई, पोरांना पुस्तक शिकवा. टीव्ही कशाला शिकवता? आमाला त्या भिंतीशेजारी ऱ्हायचंय.”

“मी तिला कुठं न्यायला आले नाही, कमरुद्दीनभाऊ. चार महिने ती हे एकटी घेऊन बसली होती, एवढंच सांगायला आले.”

त्यानं चिमट्यानं भट्टीतले कोळसे सारखे केले.

“ती वर व्हती, हे मला म्हाईत नव्हतं,” तो म्हणाला. “आग इझवाया धावलो, तवा कडी मीच काढली, बाई. आन् फौजदारांना म्हनलो, दार उघडंच व्हतं.”

कमरुद्दीननं पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. “पोरीला कोर्टात उभी करू नका. मीच जातो.”

दुसऱ्या दिवशी तो खरंच पोलीस ठाण्यात गेला. बाई सोबत होत्या. आधी खोटं का बोललास, म्हणून फौजदारांनी त्याला तासभर फैलावर घेतलं. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, “भ्यालो व्हतो, सायेब.”

आठवड्यात जानकू आणि त्याच्या मुलाला अटक झाली. मग गल्लीनं कमरुद्दीनशी बोलणं टाकलं. भांडी येईनाशी झाली. शाळेत दोन पालकांनी तक्रार केली आणि मुख्याध्यापकांनी बाईंना वर्गात मालिकांचं नाव काढायला मनाई केली. जूनमध्ये कौसरची आई बिबिजान शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. कुटुंब मंचरला निघालं होतं. बाईंनी दाखल्यावर नाव स्वतः लिहिलं.

खटला पुण्यात उभा राहायला तीन वर्षं गेली. त्या दिवशी बाई रजा टाकून गेल्या. कोर्टाबाहेरच्या बाकावर कौसर बसली होती. उंच झाली होती. मंचरच्या कॉलेजात शिकत होती.

“माझ्यामुळं तुमचं गाव सुटलं,” बाई म्हणाल्या.

“अब्बा तवापासून नीट झोपतात, बाई.”

आतून कमरुद्दीनच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला, टोपी सारखी केली आणि आत गेला. दार लोटलेलं होतं, तरी त्याचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू येत होता. कौसर एकेक शब्द ऐकत ताठ बसली होती.

पुढं दोघांना शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी अलकाची आई बयाबाई कमरुद्दीनसमोर येऊन उभी राहिली. तिनं हात जोडले. त्यानंही जोडले.