मी येतंय मागसून

वेंगुर्ल्याच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा इनास फर्नांडिस वर्षाचे अकरा महिने घुम्यासारखा असायचा. डिसेंबर लागला की मात्र त्याच्या अंगात वारं शिरायचं. बांबूच्या कामट्या तासून चांदणी बांधायची, तिच्यावर रंगीत कागद डकवायचा, ओसरीच्या कोपऱ्यात बाळ येशूचा गोठा उभारायचा, आणि हे सगळं पोरांना बरोबर घेऊनच करायचं, असा त्याच्या बापाच्या वेळेपासूनचा शिरस्ता. "माका दोन नाय, तीन पोरां आसत," असं त्याची बायको मिलाग्रिन नाताळच्या फराळाच्या नेवऱ्या तळता तळता शेजारच्या सत्यवतीला सांगायची, आणि दोघी हसायच्या.

गोठ्याची तयारी तीन आठवडे चाले. करवंट्यांत माती भरून नाचणी पेरायची, म्हणजे नाताळापर्यंत बोटभर उंचीचं हिरवं शेत तयार. किनाऱ्यावरून पांढरी वाळू आणायची. आणि शेवटी टेकडीवरच्या बंद पडलेल्या चिरेखाणीतून शेवाळ. जांभ्याच्या कापलेल्या भिंतींवर पावसाळ्यात धरलेलं शेवाळ डिसेंबरात वरून करपतं. मऊ, हिरवंगार उरतं ते पार खाली, पाण्यालगत. म्हणून ते काढायला इनास स्वतः उतरायचा. थोरली अन्सिला वर टोपली धरून उभी राहायची आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा एल्डन काठावरून बापाला हुकूम सोडायचा, "पप्पा, तो मोठो तुकडो! थंय, थंय!" गोठ्यामागच्या डोंगरावर एल्डनला रस्ता हवा असे आणि रस्त्यावर त्याची लाल एसटी. मेंढपाळांनी एवढ्या लांबून चालत कशाला यायचं, असं त्याचं म्हणणं.

गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी एल्डन त्या खाणीत बुडाला. नऊ वर्षांचा होता.

वाडीला ठाऊक होतं ते एवढंच. मिलाग्रिन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती, इनास बंदरावर कामात होता. तेरा वर्षांची अन्सिला कोणाला न विचारता भावाला घेऊन खाणीवर गेली, त्याचा पाय घसरला, आणि ती बोंब मारत वाडीत धावत आली. सत्यवतीच्या नवऱ्याने, लवूने, पाण्यात उडी टाकून पोराला बाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला होता.

खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, इनासला आणि अन्सिलाला.

त्या दुपारी एकच्या सुमाराला इनास जेवायला घरी आला होता. पोरं टोपली घेऊन तयारच बसलेली. आदल्या रविवारी त्याने त्यांना टाळलं होतं. आणि ताटावर बसतो न बसतो तोच बोटमालकाचा फोन. इंजिन उघडून ठेवलंय, संध्याकाळी बोट सोडायची आहे, असशील तसा ये. एल्डनचं तोंड एवढंसं झालं. ते इनासला बघवेना. त्याने खुंटीवरची शेवाळ काढायची छोटी कोयती काढून पोराच्या हातात दिली.

"तुमी जावा फुडे. मी अर्ध्या तासात येतंय मागसून."

"पप्पा, तुमी इल्यावरच जावया," अन्सिला म्हणाली होती.

त्यावर तो हसला होता. "अगो, वर बसान रवा. खाली उतरा नको, म्हणजे झाला."

अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. लवूचा फोन आला तेव्हा इनासचे दोन्ही हात कोपरापर्यंत इंजिनात होते.

तो खाणीवर पोचला तेव्हा मिलाग्रिन पोराचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होती, "कोणी धाडल्यान तेंका? कोणी धाडल्यान माझ्या झिलाक?" आणि इनासच्या तोंडून, त्याला स्वतःला कळायच्या आधी, निघून गेलं, "माका काय म्हायत? माका न विचारता गेली." भिजलेल्या फ्रॉकमध्ये कुडकुडत उभ्या असलेल्या अन्सिलाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. मग तिने मान खाली घातली.

तेच वाक्य पुढे हवालदाराने लिहून घेतलं, फादरांनी ऐकलं, आणि महिनाभरात वाडीतल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचलं.

आज नको, बायको जरा सावरू दे, असं इनास स्वतःला समजावत राहिला. मिलाग्रिन सावरली नाही. ती पोरीला वेळेवर वाढायची, तिचे शाळेचे कपडे धुवायची, पण तिच्याशी बोलणं म्हणजे "दार लाव" आणि "पाणी भर". सत्यवतीने आपल्या मुलांना अन्सिलाबरोबर पाठवणं बंद केलं. पोरगी शाळेत एकटी जायची, एकटी यायची. बापाशी मात्र ती पूर्वीसारखीच वागे, आणि इनासला जड जायचं ते हेच. संध्याकाळी तो आला की चहा आणून द्यायची आणि कप त्याच्या हातात दिल्यावर जराशी थांबायची. तो चहा प्यायचा. ती रिकामा कप उचलून न्यायची.

पुन्हा डिसेंबर लागला. यंदा घरावर चांदणी नव्हती, तळणाचा वास नव्हता. मिलाग्रिनच्या अंगावरचे काळे कपडे अजून उतरले नव्हते. एका सकाळी मागच्या पडवीतून सरपण काढताना तिला लाकडांच्या आड चार करवंट्या सापडल्या. नाचणीला नुकते कोंब फुटले होते.

"ह्या कोणी केल्यान?"

"मी," अन्सिला म्हणाली.

"कित्याक?"

"एल्डनासाठी. तेच्या क्रुसाकडे ठेवूक."

मिलाग्रिनने एकेक करवंटी उचलून अंगणात भिरकावली. "गोठो, गोठो करून माझ्या झिलाक खाल्लंस! अजून पोट भराक नाय तुझा?"

इनास न्हाणीच्या दारात टॉवेल घेऊन उभा होता. पोरगी अंगणात उकिडवी बसून सांडलेली माती ओंजळीत गोळा करू लागली. त्याने अंग पुसलं, कपडे चढवले, चहा घेतला आणि तो कामावर गेला.

त्या संध्याकाळी मिलाग्रिनने विषय काढला. "मी कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांशी बोललंय. नाताळ झालो की अन्सिलाक गोव्याक तेंच्या हॉस्टेलात धाडूया. थंयच शाळा आसा." मग बराच वेळ ती हातातल्या तांदळातले खडे वेचत राहिली. "मी वायट आवय आसंय, इनास. माका म्हायत आसा. पण अन्सिला डोळ्यांफुडे इला की माका एल्डन दिसता. माझ्यान होणा नाय."

इनास "बघूया" म्हणाला.

नाताळाच्या दोन दिवस आधीच्या दुपारी तो लवकर घरी आला. अन्सिला खोलीत पत्र्याच्या पेटीत पुस्तकं रचत होती. जायचं तिने निमूट मान्य केलं होतं, रडली नव्हती की भांडली नव्हती. इनास दाराला टेकून उभा राहिला.

"तू कित्याक सांगूक नाय?" त्याने विचारलं. "वर्षभर. तुझ्या आवशीक एकदा तरी सांगूचा."

अन्सिलाने पुस्तकं सारखी केली. "तुमी कधीतरी सांगतलात म्हणान मी वाट बघीत रवलंय," ती म्हणाली.

आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तो नव्हता. शाळेत गणिताचं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं, आणि पुढची वही उचलली.

बाहेर ओसरीवर मिलाग्रिन हॉस्टेलच्या कपड्यांवर लाल दोऱ्याने पोरीच्या नावाचं अक्षर काढत बसली होती. इनास तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"पोरां आपणहून जावक नाय, मिलाग्रिन. मी धाडलंय तेंका."

सुई थांबली. "काय?"

"कोयती मी दिलंय एल्डनाच्या हातात. तुमी जावा फुडे म्हटलंय. अन्सिला नको म्हणी होती."

अगदी हळू आवाजात मिलाग्रिनने विचारलं, "कितके वाजले होते?"

"एक वाजान गेलेलो."

"आणि तू कधी इलंस?"

"लवूचो फोन इलो तेव्हा."

"म्हणजे वर्षभर मी..." हातातल्या पांढऱ्या सदऱ्यावरचं अर्धवट अक्षर तिने अंगठ्याने दाबून धरलं. "मी तिका काय काय बोल्लंय, ता तू आयकलंस. न्हाणयेकडे उभो रवान आयकलंस. आणि चाय पिवन कामार गेलंस."



मिलाग्रिन उठली, धडपडत आत गेली आणि पोरीला तिने मिठीत घेतलं. "माका म्हायत नव्हता गो बाये. माका म्हायत नव्हता." ती पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडत होती, आणि अन्सिला ताठ उभी होती. थोड्या वेळाने तिने आईच्या पाठीवर दोनदा थोपटलं, परक्याच्या पोराची समजूत घालावी तसं. "रडा नको मम्मी," ती म्हणाली.

मिलाग्रिन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"माका सांगलंस. आता जेंका जेंका खोटा सांगलंस, तेंका सगळ्यांक सांग. उद्याच्या उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी इनास घराबाहेर पडला. त्याच दिवशी दरवर्षी त्याची दोन्ही पोरं झाकलेली ताटं घेऊन वाडीभर फराळ वाटत फिरायची. आज तो रिकाम्या हातांनी त्याच दारांतून आत शिरत होता. पहिलं घर लवूचं. लवू पडवीत जाळं शिवत होता, सत्यवती बाजूला बसून सुके बांगडे निवडत होती. इनासने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

लवूने जाळं खाली ठेवलं. "मी पाण्यात दोनदा तळ गाठलंय, इनास. दुसऱ्या खेपेक झील माझ्या हाताक लागलो. आणि वर इलंय तेव्हा तुझा चेडू, अन्सिला, कमरेइतक्या पाण्यात उभा. तेका पवाक येणा नाय, तरी उतरलेला." त्याने इनासकडे पाहिलं. "ता उतरला आणि तू..." त्याने जाळं पुन्हा उचललं. "जा आता."

इनास पायऱ्या उतरला तेव्हा सत्यवतीने पदराने तोंड झाकून घेतलं. "माझ्या पोरांक मी सांगितलेलंय," ती नवऱ्याला म्हणत होती, "त्या चेडवाच्या सावलीक जाव नको म्हणान."

अशी नऊ घरं झाली. कोणी बस म्हणालं नाही, कोणी शिवीही दिली नाही. एका म्हाताऱ्याने, ऐकायला कमी येत असल्याने, त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दुपारी तो पोलीस चौकीत गेला. तिथल्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर ठेवलं. "हे बघा, अपघाती मृत्यू म्हणून केव्हाच नोंद झालेली आहे. आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे?"

"माझ्या मुलीचं नाव लिहिलंय तुम्ही," इनास म्हणाला. "ते बदलायचं आहे."

हवालदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं, कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "लिहून द्या मग. सविस्तर लिहा." इनासने लिहून दिलं.

चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्सेला मिलाग्रिन आणि अन्सिला पुढच्या बाकावर बसल्या. सत्यवती हिंदू बाई, चर्चच्या आत कधी येत नसे. त्या दिवशी मात्र ती फाटकाशी उभी होती, आणि अन्सिला बाहेर आली तेव्हा तिने तिचा हात धरला. अन्सिलाने हात सोडवून घेतला नाही. पण स्वतःची बोटं तिने मिटली नाहीत. इनास शेवटच्या खांबाला टेकून उभा राहिला होता. फादर पवित्र प्रसादाची भाकर घेऊन आले तेव्हा तो पुढे गेला नाही.

मिलाग्रिनला वाटलं होतं, आता हॉस्टेलचा विषय संपला. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तिने पेटी उघडून कपडे कपाटात लावले. संध्याकाळपर्यंत ते सगळे पुन्हा पेटीत होते.

"आता कित्याक जातंस गो?" तिने विनवलं. "तुझी काय एक चूक नाय. सगळ्यांक कळला."

"माका जावचा आसा, मम्मी."

"माझेर राग आसा तुझो?"

अन्सिलाने विचार केला. खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यासारखा तिने वेळ घेतला. "आसा," ती म्हणाली. "पण तेच्यासाठी नाय. थंय माका कोण ओळखणा नाय. एल्डन कोण, ता पण कोणाक म्हायत नाय."

जानेवारीच्या तीन तारखेला दोघं तिला वेंगुर्ल्याच्या स्टँडवर सोडायला गेले. बरोबर सिस्टर होत्या. इनासने पेटी गाडीच्या टपावर चढवली, दोरीने नीट बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. खाली उतरला तेव्हा अन्सिला खिडकीत बसलेली होती.

"फोन करशीत मा?" त्याने विचारलं.

"मम्मीक करीन," ती म्हणाली.

गाडी सुटली. धूळ बसेपर्यंत मिलाग्रिन तिथेच उभी राहिली. मग तिने रिक्षा केली. घरी आल्यावर तिने भात लावला, बांगड्याची कढी केली, दोन ताटं वाढली. त्याचं ताट ओसरीवर आणून ठेवलं आणि स्वतःचं घेऊन ती आत गेली. दार तिने लावून घेतलं नाही, पण बसली ती त्याच्याकडे पाठ करून.