दोरी धरणारा

मीरासाबनं पोराच्या हातातली दोरी हिसकावून घेतली. त्याची सायकल बंधाऱ्याच्या तोंडाशी आडवी पडली होती आणि मागचं चाक अजून फिरत होतं.

"हात लावायचा न्हाई हिला," तो म्हणाला. "कुणी बोलवलं तुला हितं?"

निसार पाऊलभर मागं सरला. एकोणीस वर्षांचा, बापापेक्षा वीतभर उंच. पण बापाचा आवाज चढला की खांदे पाडून उभा राहायचा, तसाच उभा राहिला. त्याच्यामागं कट्ट्यावर हंबीरराव बसला होता. पाठीवर हवेचं सिलिंडर, कमरेला शिशाचा पट्टा, पायांत रबरी पंजे. दोरीचं दुसरं टोक त्याच्याच छातीला बांधलेलं होतं. हिसक्यानं तो पुढं झुकला, सावरला आणि त्यानं मीरासाबकडं बघितलं. मीरासाबनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"पावणं, जरा दमानं," धोतराचा सोगा सावरत एक माणूस पुढं आला. नदीचं पाणी उचलून शेतांना देणाऱ्या संस्थेचा हा चेअरमन, जोतीराम. "माणूस पाण्यात पडंल की."

"पावना न्हवं मी. ह्या पोराचा बाप हाय. आणि त्यास्नी सांगा, माझं पोरगं त्यांची दोरी धरणार न्हाई."

जोतीरामनं दोन हात अंतरावर बसलेल्या हंबीररावकडं मान वळवली. "ऐकलंसा?"

"ऐकलं. त्याला म्हणावं, मग मी बिनदोरीचा उतरतो."

"त्यास्नी म्हणावं, खुशाल उतरा. मासं उपाशीच हायत."

जोतीरामचे चार गडी मातीच्या पोत्यांवर बसून हसले. मीरासाबनं त्यांच्याकडं असं बघितलं की हसणं जागच्या जागी मेलं.

चार महिने दोघांत शब्द नव्हता. त्याआधी अकरा वर्षं एका ताटातलं खाणं होतं. हंबीरराव नेव्हीतून सुटून कोल्हापुरात आला तेव्हा मुंबईच्या भंगार बाजारातून पाणबुड्याचा एक जुना संच घेऊन आला होता. त्या एका संचावर पाणबुडे मंडळ निघालं. दोन पैलवान, एक शिंपी, एक शाळामास्तर आणि शिरोलीच्या फौंड्रीत साचे घालणारा मीरासाब. पट्ट्यातली शिशाची वजनं त्यानंच सुट्टीच्या वेळात ओतली. दर रविवारी रंकाळ्यावर सराव, आणि मधल्या वारी ज्याचं बोलावणं येईल त्याची विहीर. कुणाची मोटर बुडालेली, कुणाच्या लग्नातली घागर, कधी कुणाची लेक. मीरासाब स्वतः क्वचित उतरायचा. तो दोरी धरायचा. हंबीररावची दोरी अकरा वर्षांत दुसऱ्या कुणी धरली नव्हती.

त्याच हंबीररावची पेन्शन, त्याचा ट्रंकेतला पांढरा गणवेश बघून मीरासाबनं ठरवलं होतं, निसार नेव्हीत जाणार. फौंड्रीतल्या धुरात नाही. पोराला रोज पहाटे रंकाळ्याला पळवलं, कागद भरले, मुंबईहून बोलावणंसुद्धा आलं. आणि मेडिकलला आठ दिवस असताना हंबीरराव पोराला नेसरीकडच्या एका विहिरीवर घेऊन गेला. मीरासाबची त्या दिवशी फौंड्रीत पाळी होती. पोरगं वर आलं ते डाव्या कानातून रक्त घेऊन. पडदा फाटला. मुंबईच्या डॉक्टरनं बॅटरी मारून कानात बघितलं आणि कागदावर फुली मारली. वर सांगितलं, यापुढं डोकं कधी पाण्याखाली घालायचं नाही.

मीरासाब त्या रात्री हंबीररावच्या दारात गेला आणि गल्ली जागी होईपर्यंत शिव्या देत राहिला. हंबीरराव उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. एक अक्षर बोलला नाही. त्या गप्प बसण्यानं मीरासाबचा राग आणखी पेटला. चोर असल्याशिवाय माणूस एवढा गप्प बसतो का?

आणि आज सकाळी चहा देता देता त्याची बायको सुगरा बोलून गेली, निसार हंबीरभाऊंबरोबर बंधाऱ्यावर गेलाय. मीरासाबनं कप खाली ठेवला. दहा मैल त्यानं सायकल अशी मारली की चेन दोनदा पडली.

"मीरासाबभाई," जोतीराम आता नावावर आला होता, "रोज वीतभर पाणी उतरतंय. असंच चाललं तर सात गावांच्या मोटरी उघड्या पडतील. खालच्या फळीतलं एवढं भोक बुजू द्या, मग काय भांडायचं ते भांडा. पाहिजे तर मी पंच व्हतो."

मीरासाबनं वाकून बघितलं. दगडी खांबांच्या खोबणीत लाकडी फळ्यांच्या दोन ओळी उभ्या होत्या, मधल्या जागेत चिखलमाती ठासलेली. दोन खांबांमधल्या चौथ्या गाळ्यातली माती धुपून गेली होती. वरच्या अंगाला पाणी शांत दिसत होतं, पण काडी टाकली की ती गोल फिरून खाली जात होती. फौंड्रीत लागण्याआधी आठ वर्षं त्यानं असल्याच बंधाऱ्यांवर फळ्या घातल्या होत्या. ही ओढ त्याला ठाऊक होती. बिनदोरीचा माणूस इथं उतरला तर वर येणार नाही, हेही ठाऊक होतं.

त्यानं दोरी कमरेमागून घेतली, पाय खांबाला लावला.

मंडळाचा एक नेम होता, आणि तो मीरासाबनंच पाडलेला होता. उतरण्याआधी दोरी धरणाऱ्यानं तीन सवाल मोठ्यानं विचारायचे, उतरणाऱ्यानं मोठ्यानं उत्तर द्यायचं. नाक बंद असलं की खाली कान फाटतो. भरल्या पोटी उलटी होते. तापल्या डोक्याचा माणूस हवा भराभर संपवतो. एकाही सवालाला नाही आलं की गडी काठावर. विचारल्याशिवाय सोडायचं नाही. म्हणून चार महिन्यांनी पहिल्यांदा मीरासाबला हंबीररावच्या तोंडाकडं बघून बोलावं लागलं.

"नाक मोकळं?"

"मोकळं."

"पोट हलकं?"

"हलकं."

"डोकं थंड?"

"माझं हाय," हंबीरराव म्हणाला. "तुझं?"

दोरी धरणाऱ्याला हा सवाल आजवर कुणी केला नव्हता. मीरासाबच्या कानशिलाची शीर उडाली.

"उतर खाली."

हंबीररावनं काचेचा मुखवटा ओढला आणि तो पाण्यात गेला. बुडबुडे आले, सरकत चौथ्या गाळ्याकडं गेले. दोरीला एक हिसका आला. ठीक आहे. मीरासाबनं एक हिसका परत दिला. मुठीतून हातभर, हातभर दोरी जात होती आणि त्याच्या डोक्यात तीच विहीर होती. ह्या हातांनी पोराची दोरी धरली असती तर? पोराचं काय बिनसलंय ते वरच्या वर ओळखलं असतं मी. ह्यानं काय केलं? तंबाखू मळत बसला असंल.

दोरी मुठीतून सरसरत गेली आणि ताठ झाली. मग हिसके आले, एकावर एक, मोजता येईनात असे.

"पाण्यानं धरलं त्याला!" मीरासाब ओरडला. "पाय गेला भोकात!"

त्यानं मागं रेटा दिला. दोरी तळहात सोलत तसूभर आली आणि थांबली. निसारनं मागून दोरीला हात घातला. या वेळी बाप काही म्हणाला नाही. दोघांनी ओढलं. खालचं पाणी माणसाला सोडत नव्हतं.

"ओढू नगा, पाय मोडंल!" मीरासाबच म्हणाला, आणि जोतीरामकडं वळून किंचाळला, "पोती! मधल्या पोकळीत पोती टाका, खालच्या ओळीला!"

"ती शेवटाला टाकायची ठरल्यात—"

"तुझ्या ठरण्याला आग लागू दे! टाक!"

चार गडी धावले. पहिलं पोतं दोन ओळींच्या मधल्या पोकळीत पडलं, दुसरं, पाचवं, आठवं. खालच्या बाजूनं सुटणारं पाणी घोगरं झालं, मग बारीक झालं. पोकळी पाण्यानं भरत वर आली. दोन्हीकडं पाणी सारखं झालं की ओढ मरते. मीरासाब दोरीची नाडी बघत असल्यासारखा डोळे मिटून उभा होता.

"आता. हळू."

दोरी आली. आधी हात, मग काच, मग हंबीरराव. त्याला कट्ट्यावर घेतलं तेव्हा एका पायातला पंजा नव्हता आणि नडगीचं कातडं घोट्यापर्यंत निघालं होतं. तो पालथा पडून खोकला. पाणी ओकला. मग उताणा झाला आणि आभाळाकडं बघत श्वास घेत राहिला.

"जगलं," जोतीराम मटकन खाली बसला.

मीरासाबनं मुठी उघडल्या. तळहातांवर रक्त आलं होतं. असल्या वेळी त्याच्याकडं एकच गोष्ट असायची, राग.

"आणि किती जणांस्नी घालणार हायस पाण्यात?" तो हंबीररावच्या अंगावर ओरडला. "माझ्या पोराचा कान घेतलास. आज त्याच पोराच्या हातात दोरी देऊन मराय निघालातास! त्याच्या हातात मेला असतास तर त्यानं जलमभर काय करायचं हुतं? सांग की! त्या दिवशी तरी तीन सवाल इचारलंतास का त्याला? का तेवढंबी जमलं न्हाई, नेव्हीवाल्या?"

"इचारलं हुतं," हंबीरराव म्हणाला.

"मग? काय म्हणला त्यो?"

हंबीररावनं कोपरावर उठून नडगी बघितली. एका बोटानं कातडं जागेवर बसवायला लागला.

"आरं, तोंड हाय का न्हाई तुला? काय म्हणला?"

"नाक बंद हाय म्हणलो," निसार म्हणाला.

मीरासाब वळला.

निसार दोरीचा मोकळा भाग गोळा करत होता. मान वर न करता बोलला. "पडसं झालंतं मला. काका म्हणलं, मग आज न्हाई, काठावर बस. ते मोटरीला बांधायचा दोर आणाय शेतातल्या खोपीकडं गेलं. तवर मी उतरलो. तळापातूर गेलो."

"का?"

निसारनं आणखी दोन वेढे घातले.

"पुढल्या सोमवारी मेडिकल हुती, अब्बा."

गडी पोत्यांवरून उठून लांब जाऊन उभे राहिले. जोतीराम आपल्या पायांतल्या वहाणांकडं बघत होता. मीरासाबचा हात वर गेला, आणि वरच राहिला. पोरानं गाल चुकवला नाही. हात खाली आला तेव्हा मीरासाब हंबीररावकडं वळलेला होता.

"चार म्हैनं," त्याचा आवाज फाटला. "चार म्हैनं माझ्या शिव्या खाल्ल्यास. गल्लीसमोर. तुझी बायको दार लावून रडत हुती, ती ऐकू येत हुती मला, तरी मी थांबलो न्हाई. आणि तू गप?"

"पोरानं हात जोडलं. सांगू नगा म्हणला."

"म्हणून सांगायचं न्हाई? बापाला?"

"तू शिव्या द्याय आलतास, मीरा. इचाराय कुठं आलतास?"

"आता निराळा राग हाय माझा," मीरासाब म्हणाला. "पहिला फुकट गेला. ह्यो दुसरा. ह्योबी तुझ्यावरच हाय. मी बोलणार न्हाई तुझ्यासंगं."

"बरं," हंबीरराव म्हणाला, आणि खाली पडून त्यानं डोळे मिटले.

मीरासाब बंधाऱ्यावरून चालत गेला. पाच-सहा खांब ओलांडून थांबला, परत आला. निसार आता काठाला पाय सोडून बसला होता. पाण्यावर पोत्यांतल्या मातीचा तांबडा ढग पसरत होता आणि त्यात हंबीररावचा तुटका रबरी पंजा तरंगत वर आला होता. पोरगं त्याच्याकडं बघत होतं.

"मग काय करायचं हुतं तुला?" मीरासाब त्याच्या डोक्यावर उभा राहून म्हणाला. "नेव्ही नको हुती, तर काय पाहिजे हुतं?"

निसार हलला नाही. मीरासाबचा संताप पुन्हा वर आला. बापाला उत्तर देत न्हाईस? मग त्याच्या ध्यानात आलं की आपण त्याच्या डाव्या अंगाला, फाटल्या कानाकडं उभे आहोत. चार महिन्यांत घरात किती वेळा असा बोललो असंन, पोरगं बघत नाही म्हणून किती वेळा शिव्या घातल्या असतील, ते आठवायला लागला आणि थांबला. मागून वळसा घालून तो दुसऱ्या बाजूला गेला. गुडघे कुरकुरले, तरी खाली बसला.

"काय पाहिजे हुतं तुला, म्हणलं."

निसारनं बापाकडं बघितलं. प्रश्न नवा असल्यासारखं बघितलं. मग हनुवटीनं खाली पाण्याकडं दाखवलं.

"हेच की, अब्बा. मंडळ. काका उतरतात तसं उतरायचं हुतं, हितंच. बोटीवर जायचं न्हवतं." तो थांबला. "कान थोडा दुखंल, मेडिकलपुरता, असं वाटलंतं. ह्यो कायमचा जाईल हे ठावं न्हवतं."

बंधाऱ्याखालून येणारा आवाज जवळजवळ बंद झाला होता. जोतीराम गड्यांना उरलेली पोती टाकायला सांगत होता, हळू आवाजात, घरात कुणी आजारी असल्यासारखा. मीरासाबनं तोंड उघडलं. शिवी तयार होती, जिभेच्या शेंड्यावर आली होती, पण कुणाच्या नावानं घालायची ते ठरेना. पोराकडं बघितलं. कट्ट्यावर उताण्या पडलेल्या माणसाकडं बघितलं. आपल्या सोललेल्या तळहातांकडं बघितलं.

शेवटी त्यानं ती पाण्याला घातली.