चौकटीवरची उंची

दाराची चौकट बसवून झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकटीवरची मुलगी बोटभर वाढली होती.

शरच्चंद्र उकिडवे यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून खात्री करून घेतली. आठव्या वाढदिवसाच्या रेघेवर नववी रेघ होती. टोकदार पेन्सिलीची, उंबऱ्याला अचूक समांतर. शेजारी बारीक अक्षरात तारीख. अक्षर त्यांचेच होते. तारीख शाल्मलीच्या नवव्या वाढदिवसाची होती, आणि त्यांची शाल्मली आठ वर्षांची असतानाच तापाने गेली होती. उंबऱ्यावर पेन्सिलीचे ताजे सोलपट पडले होते. ते त्यांनी उचलून खिशात ठेवले.

चिपळूणबाहेर महामार्गालगत समीरा परकारचे उपाहारगृह उभे राहत होते आणि आतल्या सजावटीचे काम उकिडव्यांकडे होते. समीराची अट एकच होती: खिळे आणि वायर सोडून नवे काही आणायचे नाही. त्यामुळे काउंटर मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांचा झाला, दिवे लोणच्याच्या बरण्यांचे झाले आणि बाके बंद पडलेल्या शाळेतून आली. स्वयंपाकघराच्या दाराला मापाची चौकट मिळेना, तेव्हा उकिडव्यांनी स्वतःची दिली. त्यांचे घर रस्तारुंदीकरणात गेले होते. भाड्याच्या दोन खोल्यांत सागवानी चौकट उभी करायला जागा नव्हती, आणि ती जळणात गेलेली त्यांना पाहवली नसती.

एकदा जागेवर बसली की प्रत्येक वस्तू आपले राहिलेले काम पुढे सुरू करी. बरण्यांतले दिवे लावले की कैरी मुरत आल्याचा वास सुटे. बाकांवर रोज नवी नावे कोरलेली दिसत. भरतीच्या वेळी काउंटरला पाझर फुटे.

"काका, काउंटर परत ओला," समीरा म्हणाली.

"भरती आहे. दुपारी वाळेल."

"आणि गिऱ्हाइकांची कोपरं?"

"त्यांना ओहोटीला बोलवा."

समीरा हसली. हसता हसता तिची नजर चौकटीच्या डाव्या बाजूला गेली. "ही तुमची मुलगी ना? उंच होतेय."

"आईवर गेली आहे," उकिडवे म्हणाले.

दर वाढदिवसाला ते शाल्मलीला या चौकटीशी उभे करीत. इतर घरांतले वडील मुलांच्या डोक्यावर तळहात ठेवून अंदाजाने खूण करतात. उकिडवे गुण्या ठेवीत. रेघ एकदाच ओढायची आणि ओढलेली रेघ गिरवायची नाही, हे तंत्रनिकेतनात त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. मुलगी मात्र दर वेळी वर पाहायला जाई. "हलू नकोस. मान सरळ. वर पाहिलंस की रेघ वाकडी येते," असे म्हणून ते एका बोटाने तिची हनुवटी खाली दाबीत. त्यामुळे तिचा तेल लावलेला भांग त्यांना आजही केसन्‌केस आठवे. चेहरा आठवायचा तर फोटो काढावा लागे.

ती गेल्यावर त्यांच्या पत्नीने शेवटच्या रेघेच्या वर एक खिळा मारला आणि त्याला पंचा अडकवला. पत्नी हयात असेपर्यंत तो पंचा कुणी हलवला नाही.

रोज सकाळी एक वर्ष वाढत गेले. अकराव्या रेघेच्या दिवशी उकिडव्यांची विजार टाचेखाली येऊ लागली. त्यांनी ती दुमडली आणि स्वतःला मोजले. शाल्मली जेवढी वाढत होती, नेमके तेवढेच ते कमी होत होते. यात त्यांना काही गैर वाटले नाही. वाढीला माल कुठून तरी यायलाच हवा होता, आणि नवे काही आणायचे नाही अशी अटच होती.

"भाऊ, तुम्ही आखूड झालात काय?" तुळाजी मेस्त्रीने विचारले. सुतारकाम सगळे त्याच्या हातचे होते.

"झालो."

"मुळात तरी कुठं लांब होतात म्हणा," मेस्त्री म्हणाला आणि शाळेचे एक बाक ओढून त्यांच्या पायांशी ठेवून गेला. त्यावर चढून ते नव्या रेघा पाहू लागले.

समीराने त्यांना बाकावर उभे असलेले पाहिले. "काका, जुन्याचं नवं करता करता तुम्ही स्वतःच कामी येताय."

"चौदावं लागलं तिला," ते म्हणाले.

समीराचे हसू ओसरले. "शुक्रवारी उद्घाटन आहे, काका. गुरुवारी मेस्त्री चौकट घासून पॉलिश करतील."

"रेघा जातील."

"जातील. स्वयंपाकघराचं दार आहे ते. तेल, धूर, येणाऱ्याजाणाऱ्याचे हात. कच्चं लाकूड टिकेल का? हे तुम्हीच मला शिकवलंत."

ते खरे होते. उकिडव्यांनी चौदाव्या रेघेवर बोट ठेवले. मग म्हणाले, "तिची वाढ पुरी होऊ द्या. मुली सतरा-अठरापर्यंत वाढतात."

"पत्रिका वाटून झाल्यात. अम्मीनं अख्ख्या गावाला सांगितलंय." तिने चौकटीवरून हात फिरवला, रेघांना न लागता. "गुरुवारपर्यंत जेवढी होईल तेवढी. त्यापुढे माझ्या हातात नाही, काका."

गुरुवारी सकाळी नवी रेघ नव्हती. उंबऱ्यावर सोलपटही नव्हते. आदल्या दिवशीची सतरावी रेघ आता पाहायची तर बाकावर चढूनही टाचा उंचवाव्या लागत होत्या. तिची वाढ पुरी झाली असावी, असे उकिडव्यांनी स्वतःला सांगितले. मग पुरी झालेली मुलगी कुठे आहे?

मेस्त्री घासायचे मशीन घेऊन आला. उकिडवे बाकावरून उतरले आणि चौकटीच्या डाव्या बाजूला पाठ टेकवून उभे राहिले. त्यांचे डोके आठव्या रेघेशी आले होते.

"भाऊ, सरका."

"आजची रेघ यायची आहे अजून."

"रोज सकाळी येते ना? सकाळ गेली की."

"थांब जरा."

"समीराताई मला बोलतील, भाऊ. तुम्हाला नाही बोलायच्या."

मेस्त्रीने मशीन सुरू केले. वरच्या रेघांपाशी त्याचा हात सहज पोचत होता. उकिडव्यांनी दोन्ही हात वर केले, तरी ते बाराव्या रेघेपलीकडे जात नव्हते.

मशीन थांबले.

मेस्त्री स्वयंपाकघराच्या आत पाहत होता. त्याने मशीन खाली ठेवले, हात विजारीला पुसले आणि वाट देण्यासाठी दोन पावले मागे सरला.

"या ताई," तो म्हणाला. "तुमचं होऊ द्या. मी थांबतो."

उंबरा ओलांडून कुणीतरी उकिडव्यांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. त्यांना सुती साडीच्या निऱ्या दिसल्या, आणि नुकत्या तासलेल्या पेन्सिलीचा वास आला. त्यांच्या डोक्यावर गुण्याची गार कड टेकली.

"हलू नका, बाबा," एक बाई म्हणाली. आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. "मान सरळ."

त्यांची मान आपोआप वर जाऊ लागली. एका बोटाने त्यांची हनुवटी हलकेच खाली दाबली. ते बोट दूर सारणे कठीण नव्हते. वर पाहिले असते तर चेहरा दिसला असता. रेघ वाकडी आली असती.

डोक्यामागे सागवानावर पेन्सिल टेकली, आणि सरकू लागली.