पहिला पेला

"मूळ देश?" श्रीपतरावांनी फॉर्मवर पेन टेकवून विचारले. बाहेरून आलेल्या कामगारांची नोंद पोलीस ठाण्याने मागवली होती.

त्यांच्या हाताखालचा हबीब पाइपाच्या आट्यांना सुतळी गुंडाळत होता. "बंगाल लिवा ना, शेठ. सगळे तेच लिवतात."

"बंगाल देश नाही. आणि खोटं कशाला? संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्ड आहे तुझ्याकडे."

"त्यावर सिमकार्डपण मिळत नाय."

पोलादपुरात चाळीस वर्षे हातपंप दुरुस्त करताना श्रीपतरावांनी कधी कोणत्या कागदावर खोटे लिहिले नव्हते. त्यांनी 'म्यानमार' लिहिले, पुढे 'रोहिंग्या' लिहिले, कार्डाची प्रत टाचली आणि फॉर्म स्वतः नेऊन दिला.

पाचव्या दिवशी कशेडी घाटाच्या अंगाच्या एका वाडीवर पंपाचे काम चालू असताना दोन पोलीस चढून आले. पाइप बोअरमध्ये उतरवून झाले होते; दांड्याची साखळी तेवढी राहिली होती. हबीबने पाना पुसून पिशवीत ठेवला आणि तो त्यांच्याबरोबर खाली उतरला.

ठाण्यातला हवालदार म्हणाला, "काका, आपल्या सरकारला ते कार्ड मान्य नाय. तो विनापरवाना परदेशी."

"पाठवणार कुठे?"

"त्याचा देश त्याला आपला म्हणत नाय. ठरेपर्यंत कोंडून." हवालदाराने फॉर्म फाइलीत सारला. "बंगाल लिवलं असतंत, तर आमी कशाला बघितलं असतं?"

दुसऱ्या दिवशी श्रीपतराव एकटेच वाडीवर गेले. त्यांनी साखळी जोडली, दांडा मारला. सतराव्या झटक्याला पाणी आले. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, पण पुढे कोणी सरकेना. जो पंप जोडेल त्याने पहिले पाणी प्यायचे, मगच हंडा लावायचा, हा नियम श्रीपतरावांनीच घातलेला होता. स्वतःला प्यायचे असले की कारागीर पाइपात ग्रीस राहू देत नाही.

वाडीतल्या बयाबाईने पेला पुढे केला. "घ्या मेस्त्री. तुमचाच नेम हाय."

"जोडला त्याने. मी फक्त साखळी लावली."

"मंग येल कदी तो?"

श्रीपतरावांनी पेला घेतला, धारेखाली धरून विसळला, काठोकाठ भरला आणि कट्ट्याच्या सावलीकडच्या कोपऱ्यावर ठेवला. बयाबाईने त्यावर ताटली झाकली.

मग हंडे लागले.