परिचयपुस्तिकेतलं एक वाक्य

विद्यापीठाची नवी परिचयपुस्तिका लिहायचं काम नेचे विभागाच्या सरांच्या गळ्यात पडलं, कारण बैठकीत ते नको म्हणायचे राहून गेले. कुलसचिव म्हणाले, सरांची भाषा चांगली आहे. बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा आला.

विद्यापीठ अवाढव्य. एका टोकाला रुग्णालय, दुसऱ्या टोकाला दुर्बिणीचा घुमट, आणि मध्ये इतके विभाग, की नव्या माणसाचे पहिले काही महिने वाट विचारण्यातच जावेत. नेचे, म्हणजे फर्न, अभ्यासणारा हा विभाग ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला होता. ऊन म्हणून तिथे येत नसे. वाळवून कागदावर चिकटवलेल्या पानांची कपाटं, डांबरगोळ्यांचा वास आणि खिडकीशी काचेखाली ओल्या मातीचे ट्रे. सरांची विद्यार्थिनी त्या ट्रेंमध्ये जवळजवळ नाहीसा झालेला एक नेचा बीजाणूंपासून वाढवत होती. बीजाणू म्हणजे नुसती धूळ. दोनदा बुरशीने सगळं खाल्लं होतं. आता कुठे बोटाच्या पेराएवढी रोपं तग धरू लागली होती, आणि तिचा सगळा प्रबंध त्या रोपांवर उभा होता.

सर निवृत्तीला आले होते. तुमच्या कपड्यांना कसर लागायची नाही आणि तुम्हालाही, असं बायको म्हणायची.

विभागांकडून मजकूर येऊ लागले. जो तो जगात अग्रेसर होता. सर बिचकत बिचकत फोन करून विचारत, की जगात म्हणजे नेमकं कुठे? लोक आधी हसले, मग फोन उचलेनासे झाले. शेवटी सरांनी सगळ्यांचं होतं तसं ठेवलं. आपल्याला त्यातलं काय कळतं, असं त्यांना वाटलं. पण स्वतःच्या विभागाबद्दल तसं म्हणायची सोय नव्हती. तिथलं त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी लिहिलं, ‘सध्या विभागात एक शिक्षक आणि एक विद्यार्थिनी आहे.’

मजकूर टाइप करताना विद्यार्थिनी थांबली. संशोधन चालू आहे एवढंच लिहिलं तरी ते खोटं होणार नाही, असं तिने सुचवून पाहिलं. सरांनी संध्याकाळभर विचार केला. त्यांना ती लपवाछपवी वाटली. वाक्य राहिलं.

कुलगुरूंना भाषा फार आवडली. त्या वाक्यापाशी मात्र त्यांचं बोट थांबलं आणि विषय पुढच्या बैठकीत आला. कुणाच्या मनात आकस नव्हता. असा एक विभाग आपल्याकडे आहे, हे बैठकीतल्या निम्म्या लोकांना तेव्हाच कळलं. वर्षअखेरीस विभाग बंद करायचा, खोली संगणक केंद्राला द्यायची आणि विद्यार्थिनीने दुसऱ्या मार्गदर्शकाकडे दुसरा विषय घ्यायचा, असं ठरलं.

“सर, एकदा जाऊन बोला ना,” ती म्हणाली. “मजकूर अपुरा होता म्हणून सांगा.”

सर रस्ताभर वाक्यं घोकत गेले. कुलसचिव भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि पेनचं टोपण काढलं.

“चूक झाली असेल तर दुरुस्त करू, सर. कुलगुरूंशी मी बोलतो. किती विद्यार्थी घालू?”

“एक,” सर म्हणाले.

कुलसचिवांनी पेन तसंच धरून ठेवलं. “पुढच्या वर्षी कुणी येणार असेल. कुणी नुसती चौकशी केली असेल, तरी चालेल मला.”

सरांनी मनापासून आठवून पाहिलं. मध्ये एक मुलगा आला होता, पण त्याला ग्रंथालयाचं दार हवं होतं. घोकलेली वाक्यं जिभेवर होती, तिथेच विरघळली.

“तसं कुणी नाही,” ते म्हणाले.

कुलसचिवांनी टोपण लावलं.

विद्यार्थिनी खोलीत वाट बघत होती. सरांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“तुम्ही खरं बोललात, सर,” ती हळू म्हणाली. “पण माझ्या जिवावर बोललात.”

सरांनी उगीचच एका कपाटाचं दार उघडलं आणि लावलं.

मग तिने रोपांचं विचारलं. नव्या मार्गदर्शकाची प्रयोगशाळा दिवसभर वातानुकूलित, हवा कोरडी ठणठणीत. तिथे ट्रे ठेवायला जागाही नव्हती.

“मी घरी नेतो,” सर म्हणाले. “जगतील.”

सरांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे ऊन हलत नसे. अशा जागी हा नेचा आधी कडेने तपकिरी पडतो, मग आतल्या आत वळतो आणि पाणी घातलं तरी पुन्हा उलगडत नाही. हे तिला माहीत होतं. सरांनीच शिकवलं होतं. तिने मान हलवली आणि पहिल्या ट्रेवरची काच उचलली.